रेट्रो मीटिंगला क्रिकेटची थीम, आणि कोपऱ्यात बसलेला एआय बॉट

तुमच्या फोनमधलं एखादं ॲप अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवशी गंडलं, की तुम्ही काय करता? प्ले स्टोअरवर जाऊन एक स्टार ठोकून देता. पण ते ॲप बनवणाऱ्या टीममध्ये तेव्हा काय होतं? बऱ्याच ठिकाणी एक मीटिंग होते. तिचं नाव रेट्रोस्पेक्टिव्ह, ऑफिसच्या भाषेत 'रेट्रो'. मी टेस्टर आहे, त्यामुळे अशा मीटिंग भरपूर बघितल्यात. सध्या त्यात दोन नव्या गोष्टी दिसतात: मजेदार थीम आणि नोट्स काढणारा एआय. या दोघांचं एकमेकांशी फारसं जमत नाही, असं माझं मत झालंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे 17 सॉफ्टवेअरवाले जमले आणि 'अजाइल मॅनिफेस्टो' तयार झाला. त्याच्या 12 तत्त्वांपैकी शेवटचं असं, की टीमने ठरावीक काळाने थांबून आपलं काम कसं सुधारेल ते बघावं. स्क्रम पद्धतीत हे प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी होतं. काय चांगलं झालं, काय चुकलं, काय बदलू? हेच तीन प्रश्न दर पंधरा दिवसांनी विचारले की लोक कॅमेरा बंद करून मेल बघत बसतात. म्हणून थीम. होडीची थीम तर सगळीकडे चालते: वारा पुढे नेतो, नांगर मागे ओढतो, खडक म्हणजे पुढचे धोके.

आमच्याकडे अर्थातच क्रिकेट! पहिल्या वेळी फळ्यावर रकाने होते 'षटकार', 'ड्रॉप कॅच' आणि 'पुढची मॅच'. त्या रिलीजमध्ये आमच्या ॲपवरून लोकांना दोन-दोन ओटीपी जात होते. पहिला टाकला की 'चुकीचा ओटीपी'. टेस्टिंग माझं होतं. षटकारांत चिठ्ठ्यांची गर्दी, ड्रॉप कॅच कोरा. बरोबरच आहे. कॅच सुटला की अख्खं स्टेडियम एकाच माणसाकडे बघतं. ती चिठ्ठी मीच टाकणार, असं सगळे धरून बसले होते, आणि मी गप्प.

पुढच्या वेळी आमच्या स्क्रम मास्टरने तो रकाना पुसून 'रन आउट' लिहिलं. रन आउटमध्ये दोघं असतात ना! एकाने हाक दिली, दुसऱ्याने ऐकली नाही. पाच मिनिटांत सात चिठ्ठ्या. माझी होती, 'सेटिंग बदलली हे मला कळलंच नाही.' खाली दुसरी, 'ग्रुपवर टाकलं होतं, पण रात्री साडेअकराला.' मूळ तिथेच सापडलं. ॲपने सर्व्हरच्या उत्तराची किती सेकंद वाट बघायची, ती मुदत कमी केली होती. नेट स्लो असलं की ॲप कंटाळून दुसरा ओटीपी मागायचं आणि पहिला बाद व्हायचा. ऑफिसच्या फास्ट वायफायवर मला हे दिसणार कसं?

मोठ्या कंपन्यांतही हेच होतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसचाच डेटा डिलीट झाला. कंपनीने नंतर सगळं जाहीरपणे लिहिलं, त्यात त्या इंजिनिअरचं नाव नव्हतं. त्यामुळेच खरी गोष्ट समोर आली: बॅकअप कधीपासून फेल होत होते आणि ते सांगणारे ईमेल पोचतच नव्हते. एका माणसाला झापून हे कधी कळलं असतं का?

आता एआयकडे येऊ. झूम, टीम्स, गूगल मीट, तिन्हीकडे मीटिंगचा सारांश एआयकडून मिळतो. प्लॅनिंगच्या मीटिंगला तो मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू. पण आमच्या मागच्या रेट्रोला तो बॉट बसला आणि सारांश मॅनेजरसकट सगळ्यांना मेलवर गेला. चिठ्ठीवर नाव नसतं, आवाजावर असतं. 'अमुक म्हणाला, स्लो नेटवर टेस्ट केलं नव्हतं', हे वाक्य अप्रेझलच्या तोंडावर कुणाला लेखी हवंय? त्या दिवशी फळ्यावर 'संवाद वाढवावा' छापाच्या गुळमुळीत चिठ्ठ्याच आल्या. (आणि 'आम्ही रन आउट झालो' याचं सारांशात 'मनुष्यबळ संपलं' झालं होतं. मॅनेजरने खरंच विचारलं, कोण सोडून चाललंय?)

आम्ही सुचवलंय की रेट्रोमध्ये बॉट नको. शेवटी ठरलेली एक-दोन कामं कुणीतरी हाताने लिहावीत, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढंच. मॅनेजर म्हणाले, "लपवण्यासारखं काय आहे त्यात?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. येत्या शुक्रवारी पुन्हा रेट्रो आहे आणि बॉटचं अजून ठरलेलं नाही. त्या रन आउटवाल्या दिवशी ठरलेलं एक काम मात्र चालू आहे: प्रत्येक रिलीजच्या आधी मी वायफाय बंद करतो, फोन टू-जीवर टाकतो आणि ओटीपीची वाट बघत बसतो.