तेंदूपानाचा हिशेब कोण ठेवणार?



मे महिना लागला की गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील गावांना पहाटेपूर्वीच जाग येते. उजाडता उजाडता रान गाठावयाचे, ऊन तापण्यापूर्वी तेंदूची पाने तोडावयाची, दुपारभर ओसरीत बसून पुडे बांधावयाचे आणि सायंकाळी ते डोक्यावरून फडावर नेऊन मुन्शीपुढे मांडावयाचे, हा या दिवसांतील क्रम होय. हंगाम थोड्या दिवसांचा. एखादा वळवाचा पाऊस आला तर तोही बुडतो. परंतु पावसाळ्याचा दाणागोटा, शेताचे बियाणे आणि मुलांची वह्या-पुस्तके यांची तजवीज कित्येक घरांत याच दिवसांच्या कमाईतून होते. म्हणून आज आम्ही आपणांस एकच प्रश्न विचारतो. या श्रमाचा हिशेब कोण ठेवतो? तुम्ही, की फडावरचा मुन्शी?

पाने तोडणारे तुम्ही, बांधणारे तुम्ही, वाहून नेणारे तुम्ही. आणि मोजणारा मात्र दुसरा! कोणता पुडा चांगला व कोणता खराब हे तो ठरविणार, वहीत आकडा तो लिहिणार आणि तुम्ही मान हलवून घरी परतणार. हा व्यवहार नव्हे, ही जुनीच ताबेदारी नव्या वेषात आली आहे. ज्याच्या हाती मोजमाप, त्याच्याच हाती मालकी जाते, हे ध्यानात ठेवा.

हिशेब कळला नाही म्हणजे काय होते, ते पाहा. आपल्या महाराष्ट्रात पुड्यात सत्तर पाने असतात आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. म्हणजे गोणीत ७०,००० पाने. सीमेपलीकडे छत्तीसगडात पुडा पन्नास पानांचा, म्हणून तेथील गोणी ५०,००० पानांची. २०२४ साली छत्तीसगड सरकारने गोणीला ५,५०० रुपये दर ठरविला. म्हणजे एका पानाला अकरा पैसे पडले. याच हिशेबाने आपल्या गोणीचे ७,७०० रुपये होतात. तेव्हा कोणी ‘शेजारी ५,५०० मिळतात, तुम्हांलाही तेवढेच देतो’ असे सांगू लागला, तर तो तुमची २०,००० पाने फुकट मागत आहे, असे खुशाल समजा. गोणी गोणी सारखी नसते. दर विचारताना पानांची संख्या विचारा. एवढे गणित चौथीतील मुलगीही करून देईल. तिला फडावरच्या वहीपाशी उभी करा, पुडे बांधावयास बसवून तिची परीक्षा मात्र बुडवू नका.

पान आणि विडी यांच्या धंद्यात पिळल्या गेलेल्या माणसांसाठी झगडण्याचा आपला वारसा जुना आहे. कामठीचे बाबू हरदास यांचे नाव आपण ‘जय भीम’ या अभिवादनाशी जोडतो. परंतु हेच हरदास विडी कामगारांचे संघटक होते, हे किती घरांत सांगितले जाते? १९३७ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ साली, ऐन पस्तिशीत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुखातील ‘जय भीम’ आणि कामगाराच्या मजुरीचा प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आपण पहिली घेतली आणि दुसरी विसरलो, तर तो वारसा अर्धाच राहील.

आता हक्काची गोष्ट. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानाचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. लिलाव खात्याने करावा, पाने ठेकेदाराने उचलावीत आणि तोडणाऱ्याने केवळ मजुरी घ्यावी, अशी रीत पडली. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वनात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना दिली. आणि गौण वनोपजात तेंदूपानाचे नाव कायद्यानेच घातले आहे. गोळा करण्याचाच नव्हे, तर साठविण्याचा, वाहून नेण्याचा आणि विकण्याचाही हक्क त्यात आला. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील लेखा-मेंढा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ साली आपल्या बांबूचे वाहतूक परवाने आपल्या ग्रामसभेच्या हाती घेतले. जे बांबूचे झाले, ते पानाचे का होऊ नये?

येथे काही बांधव म्हणतात, ‘तो कायदा आदिवासींचा, आणि आपण तर धर्मही बदलला.’ ही समजूत सपशेल चुकीची आहे. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या शब्दांत तुमचा समावेश होऊ शकतो. कायदा धर्म विचारीत नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तुमचे कुळ तेथे राहत होते काय आणि वनावर जगत होते काय, एवढेच तो विचारतो. जुने सरकारी कागद शोधा, गावातील वृद्धांचे जबाब लेखी घ्या. नियमांनी तोही पुरावा मानला आहे. मात्र हे करताना गोंड, हलबा बंधूंच्या हक्काला धक्का लावू नका. त्यांचा वाटा हिरावून आपला वाटा वाढत नाही. ग्रामसभा एक झाली, तरच ठेकेदार भाव वाढवून देईल.

दुसरे काही सुशिक्षित बांधव म्हणतात, पाने तोडणे हे कमीपणाचे काम. बौद्धाने ते सोडावे. आम्हांस हे मान्य नाही. मेलेली ढोरे ओढणे आपण सोडले, कारण ते काम जन्माने लादलेले होते. पान तोडणे कोणत्याही जातीवर लादलेले नाही. ते अंगमेहनतीचे काम आहे. लाज श्रमाची नसते. आपल्या श्रमाचा आकडा आपल्याला ठाऊक नसणे, ही लाज.

म्हणून या हंगामापूर्वी एवढे करा. ग्रामसभेला स्त्री-पुरुष दोघेही जा. निम्मे सभासद हजर असल्याशिवाय आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया असल्याशिवाय वनहक्काची सभा पुरी होत नाही. व्यापाऱ्याशी करार लेखी करा आणि रकमेचा काही भाग आगाऊ घ्या. प्रत्येक घराने आपल्या पुड्यांची स्वतंत्र वही ठेवावी व रोज फडावरच्या वहीशी ताडून पाहावी. कोवळी पाने फुटावीत म्हणून रानाला आग लावणाऱ्यास रोखा. त्या आगीत उद्याचा मोह आणि परवाचे रान जळते.

दीक्षा घेताना आपण मान वर करावयास शिकलो. ती मान फडावरही वरच राहिली पाहिजे. मुन्शीने आकडा सांगितला की खाली पाहू नका. आपली वही उघडा.

जय भीम!