बेटावरची शाळा

आमची नात यंदा पाचवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने ‘हॅरी पॉटर आणि परीस’ लागोपाठ दोनदा वाचून काढले, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या चोपड्यांच्या कपाटातला जुना नकाशासंग्रह छातीशी धरून ती माझ्यासमोर येऊन बसली. “आजोबा, मला मिनामी इवो जिमा शोधून द्या. तिथे जादूची शाळा आहे.”

सहावीपासूनच्या एका निवासी शाळेचा प्रवेश-अर्ज त्याच दिवशी आमच्या घरी आलेला होता. चिरंजीवांनी तो दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवला होता. सूनबाईंनी उचलून कपाटावर ठेवला. त्याविषयी कोणी काही बोलले नव्हते. नातीला मात्र त्या अर्जाचा पत्ता असावा, असा माझा तर्क आहे. कारण नकाशावर बेट शोधता शोधता तिने सहज सांगितले, “तिकडे अकराव्या वर्षी राहायला जावं लागतं. त्याआधी रोज घरी येता येतं.”

वाचकांपैकी ज्यांच्या घरी या पुस्तकांचा शिरकाव झालेला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेने १९९७ पासून एका जादूच्या शाळेची गोष्ट सात खंडांत लिहिली. ती शाळा स्कॉटलंडमधली. पुढे २०१६ च्या जानेवारीत त्यांनी जगातल्या अशा अन्य काही शाळांविषयी टिपणे प्रसिद्ध केली. त्यांत जपानच्या शाळेचे नाव आहे माहौतोकोरो. ही अकरा मोठ्या शाळांपैकी सर्वांत कमी विद्यार्थिसंख्या असलेली. मुले सातव्या वर्षी दाखल होतात आणि अकराव्या वर्षापर्यंत ये-जा करतात. ही ये-जा स्टॉर्म पेट्रेल नावाच्या समुद्रपक्ष्यांच्या एका प्रचंड जातीच्या पाठीवर बसून होते. शाळा म्हणजे बेटाच्या अगदी शिखरावरचा, पांढऱ्या यशबाचा कोरीव महाल. इतर जगाला वाटते की बेट निर्जन आहे.

माझे सारे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. त्यामुळे मला प्रथम गणवेशच आठवतो. या शाळेत प्रवेश घेताच मुलाला एक झगा मिळतो, तो मूल वाढेल तसा वाढतो. हे ऐकून आमच्या सौ.ना लेखिकेविषयी फार आदर वाटला; मला मात्र जूनमधल्या आमच्या विक्रीची चिंता वाटली. झग्याचा रंगही विद्येबरोबर बदलत जातो. सुरुवातीला फिकट गुलाबी असतो, आणि सर्व विषयांत अव्वल ठरणाऱ्याचा सोनेरी होतो. ज्याने नियम मोडला, निषिद्ध विद्या वापरली, त्याचा झगा आपोआप पांढरा पडतो. आणि पांढरा झगा म्हणजे तत्काळ शाळेबाहेर, वर खटला. आपल्या घरांत साध्वीजींच्या पांढऱ्या वस्त्रापुढे हात जोडून वाढलेल्या मुलीला हे काही केल्या पटेना. “पांढरा रंग शिक्षा कसा असेल?” तिने विचारले. जपानात मृताला पांढरे वस्त्र नेसवण्याची रीत आहे; लेखिकेच्या मनात कदाचित ते असेल, एवढेच मी सांगू शकलो.

यशबाबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. मूळ वर्णनात या दगडाला मेंढीच्या चरबीची उपमा आहे; ती वाचून कोणी नाक मुरडू नये, कारण जवाहिरांच्या भाषेत तो या दगडाचा सर्वांत उंची प्रकार. दुधाळ, किंचित स्निग्ध, हाताला थंड. तो येतो चिनी तुर्कस्तानातल्या खोतानच्या नद्यांतून. शाहजहानचे १६५७ सालचे पांढऱ्या यशबाचे मद्यपात्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तळहातावर मावेल एवढी ती वस्तू, आणि बादशहाच्या घरची. त्याचा अख्खा महाल, तोही समुद्रातून उभ्या वर आलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर! दगड कोणी आणला, हुंडी कोणी स्वीकारली, नूर कोणी भरला? जादू म्हटले की हिशेब माफ होतो, असे नात म्हणाली. व्यापाऱ्याच्या घरी हे वाक्य शोभत नाही, पण मी सोडून दिले.

बेट मात्र खरे आहे, आणि लेखिकेने सांगितले आहे त्याहून ते अधिक विलक्षण आहे, हे मला त्या आठवड्यात कळले. आज त्याचे अधिकृत नाव मिनामी इओतो, म्हणजे दक्षिण गंधकबेट. टोकियोपासून दक्षिणेला सुमारे १,३०० किलोमीटर. रोज ये-जा करायची तर मुलाला दररोज २,६०० किलोमीटर उडावे लागेल. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत येण्यापेक्षाही ते जास्त. आपले पालनपूर ज्या अक्षांशावर आहे, जवळजवळ त्याच अक्षांशावर हे बेट आहे, कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेला. क्षेत्रफळ साडेतीन चौरस किलोमीटर आणि उंची ९१६ मीटर. म्हणजे गिरनारपेक्षा थोडीशीच कमी उंची, पण पायथा दोनच किलोमीटर रुंद. चारी बाजूंनी कडे सरळ समुद्रात उतरलेले. बंदर नाही, धक्का नाही. पायऱ्याही नाहीत आणि डोलीवालेही नाहीत. माथ्यावर बहुधा ढग बसलेला असतो, आणि त्या ढगाच्या ओलाव्यावर तिथले रान जगते.

या बेटावर कधी वस्ती झाली नाही. जपान सरकारने १९७५ साली ते मूळ निसर्गाचे संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित केले आणि तिथे पाऊल ठेवण्यावरच निर्बंध घातले. २०११ मध्ये ओगासावारा द्वीपसमूहाबरोबर ते जागतिक वारसा ठरले. शास्त्रज्ञांची पथके १९८२, २००७ आणि २०१७ साली तिथे जाऊन आली, म्हणजे साधारण दहा ते पंचवीस वर्षांच्या अंतराने. नाव किनाऱ्याला लागतच नसल्याने माणसे पोहत उतरली, आणि गिर्यारोहकांनी आधी दोर लावले तेव्हा कुठे इतरांना वर चढता आले.

त्या पथकांच्या तयारीचा भाग मी नातीला दोनदा वाचून दाखवला. बेटावर बाहेरचे एकही बी, एकही कीटक जाऊ नये म्हणून सामान बंद खोलीत तपासून, साफ करून, बांधले जात होते. बुटांच्या शिवणीत गवताचे बी अडकलेले असते, तेसुद्धा चिमट्याने काढायचे. आणि उतरण्याआधीचे काही दिवस पथकातल्या माणसांनी बिया पोटात जातील अशी फळे खायची नाहीत. कारण टोमॅटोचे बी पोटातूनही सुखरूप जाते, आणि परक्या भूमीत रुजते. आपल्याकडे बहुबीज वर्ज्य करणाऱ्यांना हे वाचून गंमत वाटेल. तिथे कारण वेगळे आहे, पण जेवणाच्या ताटावर बसून बारीक बीही मोजणारी माणसे जपानच्या विद्यापीठांतही आहेत, याचा मला खरोखर आनंद झाला.

एवढी काळजी कशासाठी, तर ज्या पक्ष्यांच्या पाठीवर गोष्टीतली मुले बसतात त्यांच्यासाठीही. मात्सुदायरा स्टॉर्म पेट्रेल हा काळसर, वीतभर लांबीचा पक्षी. वजन शंभर ग्रॅमही भरत नाही. मुलाला पाठीवर घेणे दूरच, मुलाच्या ओंजळीत तो मावेल. वर्षात एकच अंडे, तेही जमिनीतल्या बिळात. दिवसा समुद्रावर, रात्री घरी. या पक्ष्याच्या विणीचे आज खात्रीचे ठिकाण म्हणाल तर हेच एक बेट. उत्तरेकडच्या किता इओतोवर पूर्वी माणसांची वस्ती होती. माणसांबरोबर जहाजांतून उंदीर आले, आणि बिळात अंडी घालणारे छोटे पेट्रेल तिथून नाहीसे झाले. मिनामी इओतोवर उंदीर पोहोचला नाही, कारण माणूस पोहोचला नाही.

नात थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे तिथे शाळा काढली तर पक्षी मरतील. मग मुलं शाळेत जाणार कशी?”

लेखिकेच्या टिपणात हा प्रश्न नाही. माझ्याही मनात तो आला नव्हता.

टिपणात आणखी एक ओझरता उल्लेख आहे. शेजारच्या बेटावर लष्करी विमानतळ आहे आणि खेळताना मुलांना तिथल्या विमानांपासून सांभाळावे लागते. ते शेजारचे बेट म्हणजे साठ किलोमीटरवरचे इओतो, जगाला इवो जिमा या नावाने ठाऊक असलेले. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे पाच आठवडे लढाई झाली आणि वीस हजारांच्या वर जपानी व जवळजवळ सात हजार अमेरिकन सैनिक मेले. हे इतिहासाच्या पुस्तकांत असते. पुस्तकांत सहसा नसते ते असे : लढाईपूर्वी त्या बेटावर सुमारे हजार माणसे राहत होती. ऊस लावीत, गंधक काढीत, मासेमारी करीत. आणि तिथे एक शाळा होती, खरी, प्राथमिक. १९४४ साली सरकारने बायका-मुलांना आणि वृद्धांना मुख्य भूमीवर हलवले आणि धडधाकट पुरुषांपैकी अनेकांना सैन्याच्या कामाला ठेवून घेतले. ती माणसे परत राहायला गेली नाहीत. आजही तिथे फक्त लष्करी तळ आहे. जुन्या रहिवाशांच्या वंशजांना पितरांच्या स्मरणासाठी ठरावीक दिवशी नेऊन आणतात.

हे सगळे दहा वर्षांच्या मुलीला सांगावे की नाही, असा विचार मनात आला होता. मी सांगितले. तिने विचारले, “त्या शाळेतल्या मुलांनी दप्तरं नेली का?” मला माहीत नव्हते.

त्या रात्री मला माझी ट्रंक आठवली. मी अकरा वर्षांचा असताना वडिलांनी मला बोर्डिंगमध्ये ठेवले. पत्र्याची हिरवी ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव, आणि आत दहा पोस्टकार्डे. प्रत्येकावर आमच्या दुकानाचा पत्ता वडिलांनी स्वतःच्या अक्षरात आधीच लिहून ठेवला होता. दर रविवारी एक कार्ड, आणि कार्डाच्या खालच्या भागात आठवड्याचा जमाखर्च, रोजमेळासारखा. तिसऱ्या आठवड्यात मी बाजारात बटाटेवडा खाल्ला. घरात कंदमूळ येत नसे, आणि वडा फार सुंदर लागला. जमाखर्चात मी लिहिले : वही, चार आणे.

उत्तर आले, नेहमीसारखे चार ओळींचे. प्रकृती जपणे, अभ्यास करणे, आणि शेवटी, “तीच वही येथे तीन आण्यांस मिळते. एक आणा कोठे जास्त गेला ते पाहणे.”

तो एक आणा मी आजतागायत पाहिलेला नाही. वडिलांना कळले होते की केवळ भावच तपासला होता, हेही मला कधी विचारता आले नाही. सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. आमच्या बोर्डिंगचा गणवेश पांढराच होता, म्हणून बचावलो.

ही हकिगत मी साठ-पासष्ट वर्षांनी प्रथम सांगितली, ती नातीला. ती इतकी हसली की सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनाही पुन्हा सांगावी लागली. त्या हसल्या, आणि मग दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या, “मामंजी, तुम्हाला तिकडे पहिले दिवस कसे गेले?” वाईट गेले, असे मी म्हणालो. रात्री उशीत तोंड खुपसून रडत असे. दिवाळीनंतर रडू थांबले. केव्हा थांबले ते कळले नाही. गणिताचे एक मास्तर होते, त्यांच्यामुळे हिशेबाची गोडी लागली, आणि पुढे दुकान सावरले ते त्याच गोडीने. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे अर्जाबद्दल माझे मत विचारू नका, असेही मी सांगून टाकले. चिरंजीव तेव्हा दुकानात होते. त्यांना ही हकिगत नातीने रात्री सांगितली, वड्याच्या चवीसकट.

नातीचे पेट्रेलचे वेड अजून उतरलेले नाही. हा पक्षी वीण संपली की जपानचा समुद्र सोडून थेट हिंदी महासागरात येतो, पार आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यापर्यंत, हे कळल्यापासून तिने नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढली आहे. रेघ श्रीलंकेच्या खालून जाते. ती तशीच जाते की नाही ते मी सांगू शकत नाही, आणि नकाशा खराब केला म्हणून रागावलोही नाही. परवा तिने विचारले, की पिल्लाला वाट कोण दाखवते. पेट्रेलचे पिल्लू एके रात्री एकटेच बिळाबाहेर पडते आणि समुद्रावर जाते, असे मी वाचले होते तसे सांगितले. सूनबाई जवळच भाजी निवडत बसल्या होत्या.

अर्जाची मुदत महिनाअखेरीस आहे. तो अजून कपाटावरच आहे. काल बँकेतून येताना पोस्टात शिरलो आणि दहा पोस्टकार्डे घेतली. आता पन्नास पैशांना एक मिळते. ती नकाशासंग्रहात ठेवली आहेत. पत्ता मात्र अजून घातलेला नाही.