मेलसर्व्हरला हजेरी घ्यायला लावू नका

मेल ग्रुपची यादी मेलसर्व्हरवर हाताने ठेवणं हा शुद्ध आळस आहे, आणि आपल्याकडे तो 'सेफ आहे हो' म्हणून खपवला जातो. अ‍ॅडमिन मंडळींना राग येईल. येऊ दे.

वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, कारण अशा कंपन्या ढिगाने आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. प्लांटमधल्या सगळ्यांसाठी जो मेलचा पत्ता होता त्यात जुनं नाव होतं, ते बदलायचं ठरलं. अ‍ॅडमिनने काय केलं? एलियासच्या फाइलमधली ओळ कॉपी केली, नवं नाव दिलं, आणि जुनी ओळ तशीच ठेवली ("राहू दे, कोणी वापरत असेल"). झालं! एका प्लांटच्या दोन याद्या. नवे ट्रेनी नव्या यादीत जायला लागले. ट्रान्सपोर्टवाले काका मात्र सवयीने जुन्याच पत्त्यावर मेल टाकत राहिले. मग एकदा पहिल्या शिफ्टची बस अर्धा तास आधी सुटणार असा मेल गेला, अर्थातच जुन्या यादीला. दौलताबाद टी पॉइंटवर तीन पोरं पहाटे अंधारात उभी, आणि बस केव्हाच निघून गेलेली. तिघांचा अर्धा दिवस कापला. तोच मेल नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या एका माणसाला त्याच्या जीमेलवर बिनचूक पोचला!

बसचा मेल होता म्हणून हसायचं. पगाराची शीट असती तर?

आता दौलताबादचंच बघा. देवगिरी म्हणा, मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी आणली तेव्हापासून दौलताबाद म्हणा, डोंगर तोच आहे. नाव बदललं म्हणून कोणी शेजारी दुसरा डोंगर रचला नाही. डिरेक्टरीत ग्रुप असाच राहतो. ओपनएलडॅपमध्ये प्रत्येक नोंदीला स्वतःचा यूयूआयडी असतो, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत जीयूआयडी. नाव बदला, पत्ता बदला, जुना पत्ता जादाचा म्हणून त्याच नोंदीवर ठेवा. माणसांची यादी एकच.

आणि हे काही रॉकेट सायन्स नाही. एलडॅपचं पहिलं आरएफसी १९९३ चं, पोस्टफिक्स १९९८ पासूनचा. पोस्टफिक्सला दहा-बारा ओळींची एक फाइल द्यायची: डिरेक्टरी कुठे आहे, कुठल्या फांदीखाली शोधायचं, काय शोधायचं. ग्रुपच्या पत्त्यावर मेल आला की तो डिरेक्टरीला विचारतो, नोंद सापडली की तिच्या 'मेंबर' अ‍ॅट्रिब्यूटमधल्या एकेका माणसाच्या नोंदीपर्यंत जातो आणि तिथला 'मेल' उचलतो. ग्रुपच्या आत ग्रुप असेल तर त्यातही शिरतो. चालू करण्याआधी पोस्टमॅपने एक पत्ता विचारून बघा, अख्खी यादी समोर येते. एक शनिवार पुरतो.

खाचखळगे आहेत, नाही कशाला म्हणू? ओपनएलडॅपमध्ये माणसाची नोंद उडवली तरी ग्रुपमध्ये तिचं नाव लटकत राहतं, जोवर तुम्ही रेफइंट नावाचा ओव्हरले चालू करत नाही. 'ग्रुपऑफनेम्स' या प्रकारात निदान एक तरी मेंबर लागतोच, म्हणजे शेवटचा माणूस काढताच येत नाही. मग लोक अ‍ॅडमिनचंच नाव घालून ठेवतात आणि त्या बिचाऱ्याला बंद पडलेल्या प्रोजेक्टचे मेल वर्षानुवर्षं येत राहतात. आणखी एक: खातं नुसतं डिसेबल केलं पण ग्रुपमधून काढलं नाही, तर वर सांगितलेल्या पद्धतीत मेल जातच राहतो. ग्रुपमधून काढणं हे एक्झिटच्या कामात धरायलाच हवं. पण ते काम एका ठिकाणी, एकदाच. चार फायली उघडून नाही.

आता नेहमीचा आक्षेप: "डिरेक्टरी बसली की मेल पण बसणार!" अहो, डिरेक्टरी बसली तर तुमचं लॉगिन, वायफाय, व्हीपीएन सगळंच बसणार आहे, तेव्हा मेलची काळजी कोण करतंय? शिवाय उत्तर मिळालं नाही तर पोस्टफिक्स मेल फेकून देत नाही, 'थोड्या वेळाने या' असं सांगतो. बाहेरचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, बहुतेक तर चार-पाच दिवस करत राहतात. आणि डिरेक्टरीची दुसरी प्रत ठेवायला कोणी मनाई केली आहे?

दुसरा आक्षेप मला जास्त प्रामाणिक वाटतो: "आमच्या डिरेक्टरीतच कचरा आहे." असेलच. पण मग त्याच कचऱ्यावर तुम्ही फाइल सर्व्हरचे हक्क देताय, ते चालतं? उलट मेल तिच्यावर टाकला की कचरा दिसायला लागतो, कारण ज्याला मेल मिळत नाही तो ओरडतो. फोल्डरचा हक्क जास्तीचा मिळालेला माणूस कधीच ओरडत नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. यादी हातात असली की अ‍ॅडमिनला महत्त्व असतं. "साहेब, माझं नाव घाला ना" म्हणत लोक त्याच्या टेबलाशी येतात. एचआरलाही ते सोयीचं, कारण आपण कोणाला कुठे घेतलं ही नोंद वेळेवर करण्याची जबाबदारी टळते. कोण कुठल्या डिपार्टमेंटला आहे हे एचआरला माहीत असतं, तर ते एचआरनेच लिहावं. मेलसर्व्हरचं काम फक्त विचारण्याचं.

क्लाउडवर गेलात म्हणून सुटलात असंही नाही. तिथेही ग्रुपमध्ये एकेक नाव टिचकीने घालत बसलात तर ती जुनी एलियासची फाइलच, फक्त रंगीत. सोमवारी ऑफिसात गेलात की 'ऑल' वाल्या ग्रुपची यादी काढा, एचआरकडून चालू कर्मचाऱ्यांची यादी मागा, आणि दोन्हींतला फरक मोजून अ‍ॅडमिनच्या टेबलावर ठेवा. बाहेरच्या जीमेलांवर लाल पेनाने खूण करून.