कात्रजचा तलाव : भुयार नव्हे, पाणीपुरवठा

१/ कात्रजच्या तलावावर गेलात की कोणीतरी हमखास सांगते, "इथून थेट शनिवारवाड्यापर्यंत गुप्त भुयार आहे." मित्रहो, ही दंतकथा निरुपद्रवी नाही. एका थोर लोकोपयोगी कामाला तिने रहस्यकथेत गाडले आहे.

२/ वस्तुस्थिती अशी. १७४९ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचे निधन झाले आणि राज्यकारभाराचे केंद्र पुण्याकडे सरकले. शहर वाढू लागले, तशी पाण्याची गरजही वाढली. त्याच सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगरपायथ्याशी बांध घालून पाणी अडवले आणि बांधीव नळातून ते शहरात आणले.

३/ हा नळ माणूस आत शिरू शकेल एवढा मोठा. भुयाराची वदंता त्यातूनच जन्मली असावी. पण निसटून जाण्याच्या वाटेत कोणी पाणी खेळते ठेवील काय? आणि गुप्त वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास कशाला बांधील? कोंडलेली हवा बाहेर पडावी, नळाची देखभाल करता यावी, यासाठी ते आहेत.

४/ खरे आश्चर्य निराळेच आहे. कात्रज उंचावर, पुणे सखल. पंप नाही, इंजिन नाही. केवळ उताराच्या अचूक हिशेबावर हे पाणी शनिवारवाड्यात आणि काळ्या हौदासारख्या हौदांत पोहोचत असे.

५/ मात्र गौरव गाताना दुसरे अर्धसत्य नको. शहराचे हौद सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानलेल्यांना पाणवठ्यांवर मज्जाव होता. म्हणूनच १८६८ मध्ये महात्मा फुले यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. हा इतिहास वगळून कात्रजची कथा पुरी होत नाही.

६/ आज त्या तलावात सांडपाणी मिसळते, जलपर्णी माजते. शहरातील खोदकामांत नळाचीही मोडतोड झाली आहे. भुयार हरवले तर कोणी जाब विचारत नाही. पाणीपुरवठ्याची वास्तू उद्ध्वस्त झाली तर विचारावाच लागतो. म्हणूनच तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखणे अगत्याचे आहे.

७/ तेव्हा कात्रजला अवश्य जा. बांध पाहा, परतताना उच्छ्वासांचा माग काढा. आणि कोणी "भुयार" म्हणालेच, तर हसून सोडून देऊ नका. त्याला उतार समजावून सांगा.