एकांत हवा, एकटेपणा नको

शहर सोडावं, कोकणात डोंगराखाली लहानसं घर बांधावं, कोणाची कटकट नको, असं तुम्हालाही वाटतं का? पन्नाशीनंतर बरेच जण हे बोलून दाखवतात. इच्छा चांगलीच आहे. गरजा कमी झाल्या, बोलणं कमी झालं की मन स्वतःकडे वळतं. माझ्या मते अध्यात्म ते हेच.

पण आधी तळा तालुक्यातली कुडे लेणी पाहून या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली ही 26 लेणी. भिक्षूंना राहायला लहान खोल्या, निजायला दगडी ओटे. याहून साधं राहणं कोणतं? तरीही तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे आणि सोमदेव नावाचा वैद्यही आहे. म्हणजे भिक्षूंचा एकांतही समाजाच्याच आधारावर उभा होता.

एकांत आपण निवडतो, एकटेपणा वाट्याला येतो. दीर्घकाळच्या एकटेपणाने हृदयविकार, पक्षाघात आणि नैराश्याचा धोका वाढतो. शिवाय रात्री छातीत दुखलं किंवा विंचू-साप चावला, तर हाक कोणाला माराल?

म्हणून घराची जागा पाहताना झऱ्याआधी शेजार आणि दवाखाना बघा. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथे मिळतील का, विचारा. आणि तोवर थांबू नका. रोज अर्धा तास फोन घरी ठेवून एखाद्या झाडाखाली गप्प बसा. त्यासाठी जमीन विकत घ्यावी लागत नाही.