डिस्कस आजारी पडला? आधी पाणी पाहा

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांत आता टीव्हीशेजारी माशांची काचपेटी दिसते. काही होतकरू तरुण घरीच मासे वाढवून चार पैसेही मिळवतात. गप्पी, एंजल यांवर हात बसला की मन डिस्कसकडे ओढ घेते. बशीसारखा गोल आणि देखणा असा हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातला. हेकेल या शास्त्रज्ञाने १८४० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तो महाग आहे आणि नाजूकही. त्यात घरच्या ओव्हरटाइमचे पैसे अडकलेले असतात. म्हणूनच तो आजारी पडला की माणूस घाबरून दुकानात धावतो आणि मिळेल ती बाटली पेटीत ओततो. आमचे सांगणे असे की, बाटली उघडण्याआधी पाणी पाहा.

आजारी डिस्कस ओळखणे अवघड नाही. त्याचा रंग काळवंडतो. तो कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो, पर अंगाशी मिटून घेतो, अन्न तोंडात घेऊन थुंकतो. विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबते किंवा कल्ले भराभर हलतात. यातील बरीच लक्षणे नुसत्या खराब पाण्यानेही दिसतात. उरलेले अन्न आणि विष्ठा यांपासून अमोनिया तयार होतो व तो कल्ले जाळतो. फिल्टरमधील उपयुक्त जीवाणू त्याचा निचरा करतात. पण नव्या फिल्टरात ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने हे जीवाणू मरतात. तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

तेव्हा पहिला उपचार पाणी बदलण्याचा. चाळीत सकाळी नळ तासभर येतो. त्या वेळी ड्रम भरून त्यात हवेचा पंप २४ तास चालू ठेवावा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. मग रोज पाव ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी जुन्याइतकेच कोमट हवे. डिस्कसला एरवी २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते. आजारपणात ते सावकाश ३२ पर्यंत न्यावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचे बुडबुडे वाढवावेत. घरातल्या सर्वांनी एक नियम पाळावा : हीटरचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाकडे सहा डिस्कस होते. सगळे काळवंडले, तेव्हा त्याने तीन औषधे एकदम टाकली आणि दुसऱ्या दिवशी दोन मासे गेले. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आमचा भरवसा वहीवर. त्याला एक वही दिली. तारीख, तापमान, किती पाणी बदलले, कोणत्या माशाने खाल्ले, एवढेच लिहायचे. पाणी सुधारले तसे दोन मासे चार दिवसांत खाऊ लागले. उरलेल्या दोघांची विष्ठा पांढरीच राहिली. तेव्हा औषधाची पाळी आली.

पांढरी विष्ठा आणि उपासमार यांमागे बहुधा आतड्यातील परजीवी असतात. त्यांवर मेट्रोनिडाझोल चालते. मात्र एकाच बाजूच्या कल्ल्याने श्वास चालला असेल तर कल्ल्यावरील कृमींचा संशय घ्यावा. तिथे हे औषध उपयोगी नाही, प्राझिक्वांटेल लागते. म्हणून आधी पशुवैद्याला विचारावे.

मात्रेसाठी हिशेब हवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी म्हणजे दोन घनफूट, सुमारे ५६ लिटर. थोडी रिकामी ठेवली तर ५० लिटर. एवढ्या पाण्याला ४०० मिलिग्रॅमची एक गोळी कुटून, रोज पाव पाणी बदलल्यानंतर, पाच दिवस द्यावी. आजारी मासा वेगळ्या पेटीत ठेवून त्यात जुन्या फिल्टरचा स्पंज टाकावा. जाळी व बादलीही वेगळी असावी. मासा खात असेल तोवर औषध अन्नातून देणे अधिक गुणकारी, म्हणून पहिल्या लक्षणालाच लक्ष द्यावे.

त्या तरुणाचे ते दोन्ही मासे सातव्या दिवशी खाऊ लागले. बरा होणाऱ्या माशाला दिवसातून तीन-चार वेळा चिमूटभरच घालावे आणि उरलेले पंधरा मिनिटांत काढून टाकावे. नवा मासा आणला तर चार आठवडे वेगळा ठेवावा. औषध नसलेले जुने पाणी कुंडीतल्या झाडांना घालावे. ज्यांच्या घरी डिस्कस आहे त्यांनी मासे ठणठणीत असतानाच पेटीत थर्मामीटर लावावा आणि वहीचे पहिले पान आज लिहावे.