पेरणीचा खेळ

पुण्या-मुंबईकडे ज्याला सागरगोटा म्हणतात, तो आमच्या यवतमाळकडे गजगा. काटेरी शेंगेतून निघालेले राखाडी, गुळगुळीत, दगडासारखे टणक बी. पाच गजगे घ्यावेत. एक वर उडवावा, तो खाली येण्याच्या आत भुईवरचा एक टिपावा; मग दोन-दोन, मग तीन नि एक, मग चारही एकदम. शेवटी सारे उपड्या हातावर झेलावेत. मुलगे ह्या खेळाला बायकी म्हणून नाक मुरडीत. पण तोच गजगा फरशीवर घासून बहिणीच्या दंडाला चटका द्यायला हेच वीर पुढे!

सागरगोटा हे नाव मात्र मोठे नेमके आहे हं. हे बी पाण्यावर तरंगते, समुद्राच्या प्रवाहाबरोबर शेकडो कोस जाते आणि परक्या किनाऱ्यावर रुजते. म्हणूनच आपल्याकडचे हे काटेरी झुडूप आफ्रिकेतही आहे नि वेस्ट इंडीजमध्येही. आणि मौज पाहा, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात ह्याच बियांनी एक खेळ खेळतात. त्याचे नाव ओवारे. नायजेरियातले योरुबा लोक अशाच खेळाला अयो म्हणतात. आपल्या दक्षिणेतली पल्लांगुळी ही त्याचीच बहीण शोभेल. आफ्रिकेतून ज्यांना गुलाम म्हणून जहाजात कोंबून नेले, त्यांना बरोबर चिंधीसुद्धा घेता आली नाही; पण खेळ डोक्यात होता, तो गेला. अँटिग्वा, बार्बाडोस बेटांवर वारी ह्या नावाने तो आजही खेळतात.

दिवाळीच्या सुटीत हा खेळ घरी जरूर मांडावा. फराळाच्या बारा वाट्या पुरतात. दोघांनी समोरासमोर बसावे. प्रत्येकाच्या पुढ्यात सहा वाट्यांची ओळ. दर वाटीत चार गजगे, म्हणजे एकूण ४८. गजगे नसले तर चिंचोके चालतील. आपल्या ओळीतली कोणतीही एक वाटी रिकामी करायची आणि उजवीकडून सुरुवात करून पुढच्या एकेका वाटीत एकेक दाणा पेरत जायचे. ओळ संपली की वळून समोरच्याच्या ओळीत. दाणे बारा किंवा जास्त असले तर फेरी पुरी होऊन आपण उचललेली वाटी पुन्हा येते. ती तेवढी वगळायची. शेवटचा दाणा समोरच्याच्या वाटीत पडून तिथे दोन किंवा तीन दाणे झाले, तर ते आपले. तिच्या लगत मागच्या वाट्यांतही सलग दोन-तीन असतील, तर तेही. ज्याचे २५ झाले तो जिंकला.

आणि आता खरा नियम. समोरच्याची सारी ओळ रिकामी झाली, तर त्याच्याकडे दाणे पोचतील अशीच खेळी करावी लागते. देता येत असून त्याला उपाशी ठेवायचे नाही!

माझ्या नातीला हे मुळीच पटेना. "आजी, तो हरतोय ना? मग मी कशाला देऊ?" मी उत्तर शोधीत होते, तोवर तिचा धाकटा भाऊच म्हणाला, "नाही दिलेस तर मी पेरू काय? आणि मग तू खेळशील कुणाशी?"

मी गप्प झाले. कापसाचा आमचा हा जिल्हा. मृगात पेरावे, पावसाने दडी मारावी, बी जमिनीतच करपावे आणि दुबार पेरणीसाठी माणसाने हात कुणापुढे पसरावा, हे इथे दर चार घरांना ठाऊक. ह्या शतकाच्या पहिल्या वर्षांपासून इथल्या किती शेतकऱ्यांनी कर्जापायी जीव दिला, ते वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. ज्याची ओळ रिकामी झाली त्याला आधी पेरायला द्यावे, हे घानाच्या पोरांना खेळता खेळता कळते. आपल्या पोरांनाही कळू द्या. मोठेपणी त्यांच्यातला कुणी बँकेत बसेल, कुणी कचेरीत, कुणी दुकानात. तेव्हा समोर कुणी रिकामी ओंजळ घेऊन येईलच.

तेव्हा फराळाचे डबे जरा बाजूला सारा, मुलांच्या हातातला मोबाईल हलकेच काढून घ्या नि वाट्या मांडा. घरात आजी असेल तर पाच गजगे तिच्यापुढे ठेवा. तिचे हात काय काय विसरलेले नाहीत, ते एकदा पाहून घ्या. हे खेळ पुस्तकांत फारसे नाहीत, हातांत आहेत.